मामीचं भेव

"भेव लागते. मंग?"

एवढं म्हणून मामी दोन्ही तळहात आपल्या गुडघ्यांवर ठेवायची आणि गुडघे दाबून धरायची. गुडघे खरोखरच लटलटत असायचे. मग ती त्यांना एक शिवी हासडायची, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळायची आणि लोखंडी पायऱ्या चढून पहिल्या मचाणावर जायची. रोज सकाळी, पार्क उघडायच्या आधी. आम्ही खाली चहा पीत हा कार्यक्रम बघत असू. आमच्यातलं कुणी ना कुणी मुद्दाम विचारायचंच, "मामी, भेव लागते का व?" कारण ते उत्तर तिच्या तोंडून ऐकायला आम्हाला आवडायचं.

तिचं नाव सांगत नाही. पार्कात तिला कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवतही नाही. नागपूरहून आलेले पाहुणेसुद्धा दहा मिनिटांत तिला मामी म्हणायला लागत.

तुम्ही असले दोरांचे पार्क कुठे ना कुठे पाहिले असतीलच. आता तलाव दिसला की काठावर एक उभा राहतो. आमचा तिरोडा तालुक्यात, बोदलकसाच्या रस्त्याला होता. उंच खांब, खांबाखांबावर लाकडी मचाण, आणि एका मचाणावरून दुसऱ्यावर जायला कधी फळ्यांचा पूल, कधी झुलते टायर, कधी नुसती एक तार. शेवटी झिपलाइन, तलावाच्या कोपऱ्यावरून सूं करत पलीकडे. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन दोऱ्या, दोऱ्यांना दोन हूक. एक हूक तारेवर अडकलेला असल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, एवढाच काय तो नियम. बाकी सगळी पाहुण्यांची आरडाओरड. मी तिथं शिफ्ट सांभाळायचो. मी गोंदियाचा, त्यामुळे माझं अर्धं बोलणं हिंदीत आणि उरलेलं रागात. मामीशी माझं पटलं याचं आमच्या स्टाफला नवल वाटायचं.

सुरुवातीला ती हेल्मेट धुवायला लागली होती. दिवसभर लोकांनी डोक्यावर चढवलेली हेल्मेटं संध्याकाळी तिच्यापुढे येत. ती प्रत्येक हेल्मेट नाकाजवळ नेऊन हुंगायची आणि निकाल द्यायची. "हे बालाघाटवाल्याचं. आवळ्याचं तेल. आन हे आपल्याच गावचं दिसते, डोस्क्यात काईच नाही." तेल नाही असं तिला म्हणायचं असे की आणखी काही, ते ती सांगत नसे.

वर चढायची वेळ तिच्यावर पट्ट्यामुळे आली. पट्टा जांघेतून घेऊन आवळावा लागतो. पट्टे बांधणारी आमची मुलं सगळी पुरुष. बायका आणि पोरी यायच्या, पट्टा बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि "आम्ही खालीच बरे" म्हणून बाकावर बसून राहायच्या. एकदा अशीच कॉलेजच्या पोरींची अख्खी सहल बाकावर बसली. मामीनं हातातली बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "इकडं या व पोरीयो. मी बांधतो." त्या दिवसापासून बायकांचे पट्टे मामीकडे.

मग तिची नजर गेली फाटकावरच्या फळीवर. 'साडी नेसून वर जाण्यास मनाई आहे.' तिनं ती फळी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि माझ्याकडे आली.

"साहेब, हे कायले लिवलं?"

"साडी अडकते मामी. टायरमध्ये, तारेत."

"बांधीत दिवसभर वाकून धानाचा रोवणा करते बाई. चिखल मांडीवरी. तठी कासोटा सुटत नाही, आन इथं सुटल?"

तिनं कोपऱ्यात जुनी ताडपत्री बांधून आडोसा केला. साडीवाल्या बायका आत जात. धानाच्या बांधीत उतरताना बायका जसा करकचून कासोटा घालतात तसा घालून बाहेर येत, वर पट्टा चढला की साडी आणि पट्टा एक होऊन जाई. तिरोड्याच्या एका प्रौढ मास्तरीणबाई झिपलाइनवरून पलीकडे पोचल्या आणि परत येऊन आडोशात रडल्या. का रडल्या ते मामीनं आम्हाला सांगितलं नाही. फळी मी काढली नाही, वरून विचारणा झाली असती. फक्त तिचं तोंड खांबाकडे करून ठेवलं.

मामीला वरच्या मचाणावर काम द्यायचं ठरलं तेव्हा शिकवायला पुण्याहून एक ट्रेनर आला. गोड बोलणारा, तरुण. म्हणाला, "मावशी, एकच लक्षात ठेवा. खाली बघायचं नाही."

"काऊन?"

"भीती वाटते ना."

"पडलो त खालीच पडन ना बाप्पा? मंग जागा त पाहून ठेवू दे."

ती चढली, पहिल्या मचाणावर पोचली, खांबाला मिठी मारली आणि पलीकडे तोंड करून ओकली. ट्रेनर घाबरला. मामीनं तोंड पुसलं, चूळ भरायला पाणी मागितलं आणि म्हणाली, "झालं. आता पोटात काईच नाही, आता का निंगल?" आणि पुढच्या पुलावर पाय टाकला.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर तुमचा गैरसमज होईल. अशा गोष्टींत पुढे असं येतं की हळूहळू भीती गेली आणि बाई खारीसारखी पळायला लागली. मामीची भीती गेली नाही. काही वर्षं ती आमच्याकडे होती, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिचे गुडघे तसेच लटलटत होते. उंचीवरचं काम तिला कधी जमल्यासारखं जमलं नाही. आमची मुलं हात सोडून टायरवरून उड्या मारायची. मामी मुंगीच्या वेगानं सरकायची आणि वाटेत सगळ्यांच्या खानदानाचा उद्धार करायची. पण सरकायची. थांबलेली मी पाहिली नाही.

त्याचा फायदा आम्हाला पाहुण्यांच्या बाबतीत व्हायचा. एकदा गोंदियाचा एक मोठा व्यापारी फळ्यांच्या पुलाच्या मधोमध थिजला. काळा चष्मा, दोन्ही हातांनी तार घट्ट धरलेली. मागे लोकांची रांग. आमची मुलं "काही होत नाही सेठ, चला" म्हणून थकली. मामी सरकत सरकत त्याच्याजवळ गेली.

"क्या हुआ भाऊ?"

"कुछ नहीं. डर-वर नहीं लग रहा. बस, थोड़ा रुका हूँ."

"मेरेकू तो लगता ना," मामी म्हणाली. "पाय देखो मेरे. तुमकू नहीं लगता तो तुम आगे चलो, मेरा हाथ पकड़के ले चलो."

तो तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "लगता है."

"तो बोलना ना पहले. चलो, दोनोंकू लगता."

दोघं एकमेकांना शिव्या देत पलीकडे पोचले. दिवाळीत त्यानं पार्कावर मिठाईचा डबा पाठवला, 'मामी के लिए'. मामीनं तो फोडून सगळ्यांना वाटला आणि रिकामा डबा नट आवळायचे पाने ठेवायला घेतला.

एवढं भेव वाटतं तर बाई वर जातेच कशाला, हा प्रश्न मला पडलेला होता. खाली हेल्मेट धुण्याचं काम तिच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं. याचं उत्तर मला एका एप्रिलमध्ये मिळालं. दुपारी गर्दी नव्हती. मामी मोहाच्या सावलीत बसून आभाळाकडे बघत होती. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय बघते मामी?"

"पानी कवा येते ते पाहून राहिली."

"एप्रिलमध्ये?"

मग तिनं सांगितलं. तिचं गाव पार्कापासून सायकलच्या अंतरावर. मातीचं घर, वर कवेलू, म्हणजे कौलं. घर तिच्या सासऱ्याचं, दोन भावांत मधोमध भिंत घालून वाटलेलं. एका अंगाला मामी, दुसऱ्या अंगाला भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि त्याची बायको. नवरा वारल्यापासून मामी एकटी. मुलगी केशोरी गावाला दिलेली. आणि वरचं आढं मात्र दोन्ही घरांना एकच, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ज्यांनी कवेलूचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात. वानरं नाचून फोडतात, वाऱ्यानं सरकतात. कुणीतरी वर चढून फुटके काढायचे, चांगले पुन्हा रचायचे, नवे घालायचे. एक साल चुकलं तर घर गळतं, दोन सालं चुकली तर भिंती बसतात. आणि तिच्या गावात हे काम पुरुषानंच करायचं. बाईनं कवेलूवर पाय ठेवायचा नाही. ठेवला तर त्या घरचा कर्ता पुरुष जातो.

मामीच्या अंगाचे कवेलू भासरा फेरून द्यायचा. मग त्याचे पाय दुखायला लागले. त्याचा मुलगा रायपूरला. तो उन्हाळ्यात यायचा, बापाच्या अंगाचे फेरायचा आणि परत जायचा. मामीच्या अंगाचं विचारलं की भासरा म्हणायचा, पाहू. गावातला दुसरा कुणी चढायला तयार नव्हता, भावकीच्या भांडणात कोण हात घालणार? टिनाचे पत्रे टाकायचे तर आढं एकच, भासऱ्याचा होकार पाहिजे. आणि भासऱ्याला होकार द्यायचा नव्हता. त्याला मामीच्या अंगाला ट्रॅक्टर उभा करायचा होता. "केशोरीले पोरीकडं जाऊन ऱ्हाय मनावं, इथं एकट्या बाईचं का काम," असं तो गावभर सांगत होता. मागच्या पावसाळ्यात मामीची मागची भिंत निम्मी बसली होती. यंदा कवेलू फेरले नाहीत तर घर पडणार, आणि घर पडलं की मामी केशोरीला, पोरीच्या दारात.

"मी माणसं पाठवतो," मी म्हणालो. "आपली मुलं आहेत की. एका दिवसाचं काम."

"यंदा तुमी पाठवाल. मंग पुढच्या साली?"

"पुढच्या सालीही पाठवीन."

"तुमी का इथंच मरून राहिले?" ती म्हणाली. "साहेब, बाईनं कवेलूवर पाय देल्ला त घरचा माणूस जाते मनते. माहा माणूस त आंधीच गेला. आता कोन जाऊन राहिला?"

ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "मले उचीवर नुसतं उभं रायता येते. हात सोडून काम करता येत नाही. ते शिकाचं हाय."

सोमवारी आमचा पार्क बंद असायचा. त्या दिवशी मुलं वर जाऊन नट आवळायची, तारा तपासायची, मचाणाखाली मधमाश्यांनी घर केलंय का बघायची. दोन्ही हात कामात, शरीर पट्ट्यावर सोडलेलं. मामीला त्या कामाला घ्या म्हणून ती माझ्या मागे लागली. मी घेतलं. पहिल्याच सोमवारी तिच्या हातून पाना सुटला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. मी वर बघून बोलायचं ते बोललो. मामीनं वरून तितकंच बोलून घेतलं आणि पुढच्या वेळी पाना सुतळीनं मनगटाला बांधून आली. मग तिनं स्वतःची एक पद्धत बसवली. आधी थरथर होऊ द्यायची. गुडघ्यांना जे करायचं ते करू द्यायचं, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही, आणि हातांनी काम करत राहायचं. खालून बघताना विचित्र दिसायचं. कमरेखालची बाई भीतीनं मरत होती आणि कमरेवरची शांतपणे नट आवळत होती.

मे महिन्यात ती म्हणाली, "सोमवारी मी येत नाही. तुमीच या. जेवाले येजा."

मला वाटलं खरंच जेवण आहे. सकाळी मोटारसायकल काढून तिच्या गावात गेलो. तिच्या घरापुढे निंबाखाली माणसं जमलेली आणि सगळ्यांच्या माना वर. मामी आढ्यावर बसली होती, एक पाय इकडे, एक तिकडे. लुगड्याचा कासोटा घातलेला. डोक्यावर पार्कातलं लाल हेल्मेट, मला न विचारता आणलेलं. आणि हेल्मेटवरून पदर. कारण खाली भासरा होता, आणि भासऱ्यापुढे डोकं उघडं ठेवायचं नसतं.

भासरा बाजेवर बसला होता. वाळलेला, उंच म्हातारा. आमच्याकडे भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मधे कुणीतरी लागतं. मी नेमका तेव्हाच तिथं पोचलो.

"साहेब," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या बाईले सांगा, खाली उतर मनावं."

वरून आवाज आला, "त्याईले सांगा, काम झालं का उतरतो."

"सांगा तिले, आडा एकच हाय. तिचा माणूस गेला, पन ह्या आड्याखाली मी जित्ता आहो अजून."

तेव्हा मला कळलं की म्हातारा नुसता ट्रॅक्टरसाठी भांडत नव्हता. त्याचा आवाज कापत होता. त्याला खरंच वाटत होतं की ही बाई त्याच्या मरणावर पाय देऊन बसली आहे.

"त्याईले सांगा," मामी म्हणाली, "मले ठाऊक हाय. मून त त्याईच्या अंगाले एकबी कवेलू हालवला नाही."

"मरन का अंग पाहून येते?"

"त्याईले सांगा, भेव त्याईले लागते, मलेबी लागते. मी भेव घेऊन वर बसली ना? त्याईनं खाली बसावं."

निंबाखालच्या बायका पदरात हसल्या. मला काही सांगायची गरजच नव्हती, सगळ्या गावाला ऐकू येत होतं. पण मी प्रत्येक वेळी एकदा इकडे आणि एकदा तिकडे मान वळवत होतो, कारण रीत रीत असते.

म्हातारा उठला. भिंतीला लावलेली बांबूची शिडी त्यानं उचलली, आपल्या आंगणात नेऊन आडवी टाकली आणि परत येऊन बसला. "आता सांगा तिले. चुकलं मन, मंग भेटल शिडी."

मामीनं मागच्या उताराचे कवेलू उकलून ठेवले होते. जुन्यातले चांगले होते ते रचून संपले होते. नव्यांचा ढीग खाली भिंतीशी. वर अर्धं घर उघडं, नुसते छपराचे लाकडी फाटे दिसत होते. कवेलूशिवाय तिला पुढे काही करता येणार नव्हतं आणि शिडीशिवाय कवेलू मिळणार नव्हते. ऊन चढत होतं. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल, त्याच्याविषयी मी काही सांगत नाही. एका बाईनं पाण्याची बाटली वर फेकली. ती कवेलूवरून घरंगळत परत खाली आली. दुसऱ्यांदा फेकली, तेव्हा मामीनं पकडली.

मी शिडी आणायला निघालो. मला राग आवरत नव्हता.

"साहेब!" वरून आवाज आला. "हात नोका लावू शिडीले."

"अगं, मरशील तिथं उन्हानं."

"तुमी आनली त मनतील, गोंदियावाल्यानं चढवली बाईले. तुमी जेवाले आले ना? बसा मंग."

मी बसलो. काय करणार? वर ती बसलेली, खाली आम्ही. तिचे गुडघे मला तिथूनही दिसत होते. तिनं त्यांच्यावर तळहात ठेवले होते. म्हाताऱ्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली नाही, पुन्हा मळली. "चुकलं" एवढा एक शब्द वरून आला असता तर सगळं मिटलं असतं. तो आला नाही. ती असं म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं आणि तरी मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण बाई, म्हणून टाक, उतर.

भासऱ्याची बायको, मामीची मोठी जाऊ, सकाळपासून आपल्या दारात उभी होती. एप्रिलपासून मी त्या घरी दोन-चारदा येऊन गेलो होतो. या बाईचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला ती मुकी वाटायची.

ती दारातून निघाली. आंगणात गेली, शिडीचं एक टोक उचललं आणि फरफटत ओढत आणली.

"ए, कुठं नेऊन राहिली?" म्हातारा म्हणाला.

तिनं शिडी मामीच्या भिंतीला टेकवली.

"बरं केलं," म्हातारा म्हणाला. त्याला बरंच वाटलं असावं. "उतर मना तिले आता."

जाऊ कवेलूच्या ढिगाशी गेली. टोपलं भरलं. चुंबळ डोक्यावर ठेवून टोपलं उचललं. मग लुगड्याचा सोगा मागे ओढून कासोटा घातला, चांगला घट्ट, आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

म्हातारा ताडकन उभा राहिला. "अवो! का करून राहिली? मी जित्ता आहो ना!"

जाऊ दोन पायऱ्या चढली होती. तिथं थांबली, टोपलं सांभाळत मान वळवली आणि नवऱ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं.

"दिसून राहिले," ती म्हणाली, आणि चढून गेली.

बायका एवढ्या मोठ्यानं हसल्या की निंबावरचे कावळे उडाले. मामी मात्र हसली नाही. तिनं हात पुढे करून टोपलं घेतलं, आणि मोकळ्या हातानं जावेचं मनगट धरून तिला फाट्यांवर बसवलं. मला वर त्या दोघींचे चेहरे दिसत नव्हते. मामीनं पदरानं डोळे पुसले एवढं दिसलं. मग दोघी कामाला लागल्या. खालच्या दोन-तीन बायका टोपली भरून द्यायला पुढे झाल्या. कुणी काही ठरवलं नव्हतं.

म्हातारा बाजेवर आडवा झाला, तोंडावरून धोतराचा सोगा ओढून घेतला आणि मरणाची वाट बघत राहिला. मी हे थट्टेनं सांगत नाही. तो खरंच वाट बघत होता. ऊन कलल्यावर दोघी उतरल्या. जावेनं चूल पेटवली, चहा केला आणि कप बाजेजवळ खाली ठेवला. थोड्या वेळानं सोगा बाजूला झाला. म्हातारा उठून बसला, इकडेतिकडे बघितलं आणि चहा प्यायला. मला जेवण मिळालं ते त्यानंतर, वरण-भात आणि वांग्याची भाजी, मामीच्या घरात, नव्या कवेलूंखाली. मंगळवारी हेल्मेट धुऊन जागेवर आलं.

त्या पावसाळ्यात मामीचं घर गळलं नाही. भिंत तिनं स्वतः लिंपून उचलली. केशोरीची पोर जावयासह येऊन राहून गेली. त्यानंतर दर मे महिन्यात दोघी जावा वर. म्हातारा बाजेवर, सोगा तोंडावर. संध्याकाळी चहाला उठायचा.

मामी गेल्या हिवाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं. स्वतःच्या घरात गेली, याचं मला बरं वाटतं आणि ते मी लपवत नाही. पार्कात तिच्या जागी आता एक चटपटीत मुलगी आहे. तिला अजिबात भीती वाटत नाही. पाहुणे अडकले की ती म्हणते, "काही होत नाही, या." पाहुणे येत नाहीत.

यंदा मे महिन्यात मी मुद्दाम त्या गावावरून गेलो. रायपूरच्या मुलाला यायला जमलं नव्हतं. जाऊ एकटीच वर होती, दोन्ही अंगांचे कवेलू फेरत. ती पार आढ्याजवळ पोचली होती. खाली म्हातारा शिडी धरून उभा होता. दोन्ही हातांनी, पाय फाकवून, सगळा जोर लावून. शिडीवर कुणीच नव्हतं.

"सोडा जी आता," मी म्हणालो. "ती केव्हाची वर पोचली."

त्यानं शिडी सोडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. त्याची नजर वर होती.

"उतरल ना," तो म्हणाला. "पाय घसरला त तिचा?"